बी कॉलम

नावं बी कॉलममध्ये आहेत.
नवा पोरगा आला की हमखास इथेच अडतो:
मॅडम, बी कुठंय?
बी डी मध्ये, मी सांगते. बी मध्ये माणसं.

जालना, औद्योगिक वसाहत, प्रयोगशाळेचा दुसरा मजला.
बाहेर त्रेचाळीस, आत पंचवीसवर धरून ठेवलेली खोली.
काचेच्या वाट्यांत, ओल्या कागदावर
मिरचीचे शंभर-शंभर दाणे
चौदा दिवस आपापलं ठरवत असतात.
मग मी मोजते.
साठच्या वर पास.
साठच्या खाली सेल आपोआप लाल होतो,
तेवढं सगळ्यांनाच करता येतं.

रेघेचं मी उशिरा शिकले.
चार हजार ओळी, हंगामाचा शेवट,
कोणाचं कुठे संपतं ते डोळ्यांना कळेना.
तेव्हा नियम लिहिला:
ह्या ओळीतलं नाव वरच्या नावासारखं नसेल
तर दोघांमध्ये बॉर्डर.
बी च्या आधी डॉलर,
म्हणजे नजर नावावरून ढळत नाही.
ओके दाबलं
आणि वरपासून खालपर्यंत बांध पडत गेले,
मोजणीदाराशिवाय,
एकही कुऱ्हाड न उगारता.
मी तो दिवसभर उगाच वर-खाली करत बसले होते.

द्वारकाबाई खरात गेटवर आली ती एप्रिलात.
कादरमामूंनी खालून फोन केला, बाई उठत नाही म्हणाले.
वर आली. चप्पल बाहेर काढली, नको म्हटलं तरी.
“महं ब्याण्णव उगवलं म्हणून तुमच्याच माणसानं सांगतलं.
मंग पैसे काहून कापले?”

शोधलं.
द्वारका खरात, ब्याण्णव.
खाली द्वारका खरात, एक्कावन्न.
मध्ये काही नाही.
हिशेबवाल्यांनी दोघींना एकाच चौकटीत धरलं होतं,
सरासरी साडेएकाहत्तर, दर्जा दुसरा.

एक कुंभारझरीची, एक सिनगावची.
कादरमामू सांगतात, त्यांच्या वडिलांच्या वेळी
ह्या दोन गावांच्या मधूनच निजामाची हद्द जायची,
करोडगिरी नाक्यावर मिठाचं गाठोडंसुद्धा सोडून बघायचे.
आता नाक्याच्या जागी एक जण पंक्चर काढतो.
आणि माझ्या शीटमध्ये तर तेवढंही नव्हतं.

नियम दुरुस्त केला:
नाव वेगळं असेल, किंवा गाव वेगळं असेल.
रेघ आली.
बारीक आली.
जाड करावी म्हणून गेले तर तो पर्याय फिकट,
दाबला जात नाही.
अटीवर मिळणारी रेघ बारीकच मिळते,
जाड हवी असेल तर ती हाताने ओढायची,
आपल्या जबाबदारीवर.

हात माउसवर होता.
सिनगावची द्वारका आली नव्हती.
ती कशाला येईल?
साडेएकाहत्तरचे पैसे तिच्या खात्यात जमा झालेत,
कदाचित खर्चही झाले असतील.
रेघेच्या ह्या बाजूला ब्याण्णव,
त्या बाजूला एक्कावन्न, लाल.

द्वारकाबाईनं पडद्याजवळ तोंड नेलं.
वाचता येत होतं तिला, सावकाश.
स्वतःचं नाव वाचलं,
खालचं वाचलं,
पुन्हा वरचं.
“ही बी द्वारकाच?”
हो.
“लाल झाली व्हय.”
हो.

शेडनेटमध्ये पहाटेपासून वाकून
चिमट्यानं कळ्या उघडणारं बोट
तिनं रेघेवर ठेवलं, पुसता येते का बघावं तसं,
आणि मला विचारलं,
“तिला बी हेच बी देल्तं का तुम्ही?”

ई च्या पुढे एकदम जी आहे माझ्या शीटमध्ये.
कोणाला पेरायला कुठल्या लॉटचं दिलं
ते एफ मध्ये असतं.
तो कॉलम लपवून ठेवायचा, असं मला
रुजू झाले त्या दिवशीच सांगितलं होतं.

मी ई आणि जी एकत्र निवडले.
उजवं बटण दाबलं.
ती खुर्ची ओढून बसली.